पात्राला कोणत्या नावाने हाक मारायची?

कथा लिहायला बसलेल्या माणसाला पहिले कोडे पडते ते कथानकाचे नव्हे. कथानक डोक्यात घोळत असते म्हणूनच तो कागद पुढे ओढतो. कोडे पडते ते नावाचे. पहिल्याच ओळीत जो माणूस ओसरीवर येऊन बसणार आहे, त्याला काय म्हणायचे? राम म्हटले तर गुळमुळीत वाटते, रणजित म्हटले तर सिनेमातला वाटतो, आणि शेजारच्या खऱ्या माणसाचे नाव घातले तर अंक निघाल्यावर त्याच्या दारावरून जायची चोरी. मग लेखक काय करतो? तर टीव्हीवरच्या मालिकेतले एखादे नाव उचलतो आणि पुढे सरकतो.

सीमेलगतच्या गावांतून ज्या कथा आमच्याकडे येतात त्या वाचताना हे वारंवार जाणवते. गाव आपलेच असते. केळीच्या बागा असतात, कपाशी असते, सातपुड्याचा डोंगर असतो, बाजाराचा दिवस असतो. आणि त्या गावात राहतात कोण? तर रोहन, सायली, अनिकेत आणि त्यांची आजी सुप्रिया. नातवाचे नाव अनिकेत असायला काहीच हरकत नाही. आज कोणत्याही खेड्यातल्या अंगणवाडीत एखादा अनिकेत सापडेल. पण जी बाई दुष्काळात खडी फोडायला गेली होती असे लेखक सांगतो, तिचे नाव सुप्रिया कोणी आणि केव्हा ठेवले? तिचे नाव भागाबाई, सोनाबाई, कौतिक, धुरपदा असे काहीतरी असणार. एवढ्या एका नावाने कथेतली सगळी वर्षे खोटी पडतात, आणि वाचक कारण न कळता अंक बाजूला ठेवतो.

नावात माणसाचे वय असते, बहुतेक वेळा जात असते, आईबापांची हौस असते किंवा भीती असते. आधीची मुले जगली नाहीत म्हणून ज्याचे नाव दगडू, धोंडू, भिका, केरू ठेवले, त्याची सारी कथा बारशालाच सुरू झालेली असते. आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांच्या नावात तर राज्यही असते. पुण्या-मुंबईच्या लेखकाला ही शेवटची अडचण नाही. आपल्याला आहे, आणि तीच आपली शिदोरीही आहे.

एक माणूस, तीन नावे

धूलकोटचेच उदाहरण घेऊ. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले, सातपुड्याच्या अंगाचे हे गाव. सरकारी पाटीवर नाव 'धूलकोट'. हेच गाव महाराष्ट्रात असते तर पाटीवर 'धुळकोट' आले असते. शब्दाची फोड केली तर धूळ आणि कोट, दोन्ही शब्द दोन्ही भाषांना ओळखीचे. फरक फक्त एका 'ळ'चा. छापील हिंदीच्या वर्णमालेत हे अक्षर नाही. गंमत अशी की निमाडी माणसाच्या तोंडात 'ळ' चांगला जिवंत आहे. तो बोलताना उच्चारतो, लिहिताना मात्र त्याला जागा मिळत नाही. आणि तापीच्या खोऱ्यात, खानदेशात आणि वऱ्हाडात उलटा प्रकार. तिथे लिहिताना 'ळ' असतो, पण अनेकांच्या बोलण्यात त्याचा 'य' होतो. केळीची केयी, डोळ्याचा डोया, शाळेची शाया.

आता समजा, आपल्या कथेत काळू नावाचा एक माणूस आहे. मराठी लिहिणारा त्याला काळू लिहील. शाळेच्या हिंदी रजिस्टरात तो कालू होईल. आणि त्याची आजी ओट्यावरून हाक मारील ती 'कायू' अशी. माणूस एक, नावे तीन. लेखकाने यातले कोणते घ्यावे? आमचे मत असे की तिन्ही घ्यावीत, पण ज्याच्या तोंडी जे शोभते ते त्याच्या तोंडी. गुरुजी हजेरी घेतील तेव्हा कालू. आजी बोलावील तेव्हा कायू. निवेदकाने मात्र एकदा काय ते ठरवावे आणि शेवटपर्यंत पाळावे. कारण निवेदक ज्या नावाने हाक मारतो, त्यावरून तो कोणाच्या ओट्यावर बसून गोष्ट सांगतो आहे ते वाचकाला कळते.

'व' आणि 'ब' यांचेही असेच आहे. विठ्ठलचा बिट्ठल, वसंतचा बसंत, वासुदेवचा बासुदेव होतो. तापी उतरून वर जावे तसे 'व'चे पोट भरत जाते म्हणा ना.

याहून बारीक फरक कागदोपत्री नावाचा. महाराष्ट्रात माणसाचे नाव सलग तीन पदांचे: स्वतःचे, बापाचे आणि आडनाव. मध्य प्रदेशच्या ठाण्यात, तहसिलीत किंवा कोर्टात तोच माणूस 'रामदास पिता काशीनाथ' होतो. मधला तो 'पिता' नुसता शब्द नाही; तो दिसला की वाचकाला दप्तर, शिक्का आणि बाकावर ताटकळत बसलेली माणसे दिसतात. जुन्या मोडी कागदांत आपल्याकडेही 'बिन' किंवा 'वलद' असायचेच. ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्याने ते ध्यानात ठेवावे. पण आजच्या कथेत रामदास रावेरच्या पोलिसांसमोर उभा आहे की बुऱ्हाणपूरच्या, हे सांगायला वेगळे वाक्य लागत नाही. जबाबातले नाव तेवढे बरोबर लिहिले की पुरते.

हुद्द्यांचेही पाहा. गावचा कारभारी तिकडे पटेल, इकडे पाटील. जमिनीचे दप्तर सांभाळणारा तिकडे पटवारी, इकडे तलाठी. दवंडी पिटणारा, निरोप देणारा तिकडे कोटवार, इकडे कोतवाल. डोंगरातली वस्ती इकडे पाडा, तिकडे फलिया. आमच्याकडे आलेल्या एका कथेत धूलकोटकडच्या गावात 'तलाठी अण्णासाहेब' आले होते. अण्णासाहेब भले गृहस्थ होते, पण ते सीमा ओलांडून कसे आले याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही.

आडनावांतही चकवे आहेत. महाजन हे रावेर-बुऱ्हाणपूर पट्ट्यातल्या शेतकऱ्याचे आडनाव. हिंदी वाचकाला मात्र महाजन म्हटले की व्याजाने पैसे देणारा सावकार आठवतो. कर्जापायी बैल विकणारा शेतकरीच महाजन निघाला, तर हिंदी वाचक गोंधळेल आणि आपला वाचक गोंधळणार नाही. आपण कोणासाठी लिहितो आहोत हे लेखकाला माहीत असले की झाले.

यमुना नावाच्या चौघी

पात्रांच्या नावांचा एवढा विचार मराठी गद्याने केला आहे काय? केला आहे, आणि फार लवकर. लीळाचरित्र हे तेराव्या शतकातले मराठीतले आद्य गद्य चरित्र. ती कल्पित कथा नव्हे. पण त्यातली माणसे कोणत्या नावांनी येतात पाहा. बाइसा, महदाइसा, आऊसा, भटोबास. ही बारशाची नावे नव्हेत, हाकेची आहेत. नागदेवाचार्य हे नाव आदराचे. भटोबास म्हटले की माणूस समोर येतो. ज्या ग्रंथापासून आपले गद्य सुरू झाले, त्याने माणसाला ज्या नावाने बोलावत त्याच नावाने नोंदवले.

पुढे व्रतांच्या कहाण्यांतून नावेच नाहीशी झाली. आटपाट नगरात एक राजा असतो, एक गरीब ब्राह्मण असतो, आवडती-नावडती असते. जात आणि अवस्था एवढीच त्यांची ओळख. पात्राला स्वतःचे नाव आणि त्याबरोबर स्वतःचे दुःख दिले ते कादंबरीने. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. विधवांच्या दशेवर लिहिलेल्या त्या पुस्तकाच्या नायिकेचे नाव यमुना. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मधून येऊ लागली. आपली कर्मकहाणी सांगणारी तिची नायिका यमू, म्हणजे यमुनाच.

या दोघी कागदावरच्या. आता खऱ्या दोघी पाहा. १८६५ साली जन्मलेल्या, डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशी. त्यांचे माहेरचे नाव यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई. त्यांचेही माहेरचे नाव यमुना. दोघींची नावे लग्नात बदलली. म्हणजे कादंबरीतल्या यमुना यमुनाच राहिल्या आणि घराघरातल्या यमुना पुसल्या गेल्या. लेखकांनी हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणणार नाही. यमुना हे त्या काळातले सर्रास नाव होते, इतकाच त्याचा अर्थ. पण सर्रास होते म्हणूनच ते कामी आले. आपट्यांनी नायिकेला एखादे नाटकी, संस्कृत कादंबरीतले नाव दिले असते, तर वाचणाऱ्या बाईला 'ही तर मीच' असे वाटले नसते.

ताटात तांदूळ पसरून नवऱ्यामुलाने अंगठीने नवे नाव लिहायचे, ही चाल आपल्याकडच्या पुष्कळ घरांत चालत आली आहे. लेखकांनी तिचा उपयोग फार थोडा केला आहे. सीमेवर तर ही गोष्ट दुहेरी होते. लेक यावल-रावेरकडची, दिली बुऱ्हाणपूरकडे. माहेरी मंजुळा. सासरी तांदळात नाव लिहिले समजा सुनंदा. नंतर समग्र आयडीच्या कागदावर तिकडच्या बाबूने माहेरचेच नाव चढवले, तेही मंजुला असे. तिच्या आधारवर एक, समग्रवर दुसरे आणि सासूच्या तोंडी तिसरे. एका अक्षराच्या फरकापायी शपथपत्र करायला तहसिलीच्या खेपा घालणारी बाई सीमेवर नवलाची नाही. तिच्यावर कथा लिहायला वेगळे कथानक शोधायला नको, तिची तीन नावे पुरेत.

आणखी एक. जुन्या वळणाची बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. 'हे', 'धनी', 'आमच्या सुरेशचे बाबा'. तरीही आमच्याकडच्या कथांत सत्तरीची आजी 'काशिनाथ, जेवायला चला' म्हणते! उखाण्याखेरीज जे नाव तिने आयुष्यात उच्चारले नाही, ते लेखकाने तिच्या तोंडी घातले. कथेत हे नाव तिने एकदाच घ्यावे, तेही दवाखान्यात कागद भरताना, घुटमळत. मग पाहा त्या नावाला काय वजन येते.

सांगवी, चांगदेव आणि इंदूरचा पाळणा

स्वभावावरून नाव ठेवण्याची एक पद्धत होती. देवलांच्या 'शारदा' नाटकात (१८९९) म्हातारपणी बोहल्यावर चढायला निघालेला तो भुजंगनाथ, आणि पैशासाठी मुलगी विकणारा बाप कांचनभट. नाव ऐकताच प्रेक्षकाला माणूस कळावा. नाटकात हे खपते, कारण नाटकाला वेळ थोडा. गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त तळीराम आणला आणि ते नाव तर असे चिकटले की मराठीत दारुड्याला तळीराम हा शब्दच झाला. चिं. वि. जोशींनी चिमणरावाच्या घरात काऊ आणि मैना आणून सबंध घराचीच पाखरे केली. हसवायचे होते तिथे ते शोभले. पण गंभीर कथेत सावकाराचे नाव लोभाजी आणि मास्तरांचे नाव सत्यवान ठेवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की आपल्याकडे 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण अनुभवातून आली आहे. माणसे नावाप्रमाणे वागत नाहीत, आणि तिथेच गोष्ट सुरू होते.

आमच्या दृष्टीने नाव ठेवण्यातला खरा धडा आपल्या शेजारी मिळतो. भालचंद्र नेमाडे हे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ साली त्यांची 'कोसला' आली. नायक पांडुरंग सांगवीकर. हे नाव किती साधे आणि किती पक्के आहे! पांडुरंग हे वारीच्या वाटेवरच्या कोणत्याही घरात सापडणारे नाव. सांगवीकर म्हणजे सांगवीचा. आणि सांगव्या तर महाराष्ट्रात जागोजाग आहेत, त्यामुळे कोणा एका घराला बोट लागत नाही. शिवाय गावात कोणी स्वतःला सांगवीकर म्हणवत नाही. गावात माणूस पाटील असतो, चौधरी असतो. गाव सोडून बाहेर पडला की गावाचे नाव आडनाव होऊन मागे लागते. घरदार सोडून पुण्याला शिकायला गेलेल्या, ना तिथला ना इथला झालेल्या मुलाला याहून नेमके आडनाव कोणते असणार?

पुढच्या चार कादंबऱ्यांचा, म्हणजे 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' यांचा नायक चांगदेव पाटील. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव हे गावच आहे, योगी चांगदेवांच्या नावाचे. मुक्ताईचे ठाणे जवळच. आणि २०१० च्या 'हिंदू'चा नायक खंडेराव. पांडुरंग, चांगदेव, खंडेराव. या माणसाने नावांसाठी कोश उघडला नाही, खानदेशातल्या देवळांवरून एक फेरी मारली. कोणाला वाटेल, असली नावे खेडवळ. त्या खेडवळ नावांचा लेखक २०१४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचा मानकरी ठरला.

पांडुरंगावरून आठवले. अमळनेरला शिक्षक असलेल्या पांडुरंग सदाशिव साने यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात आपल्या आईच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा स्वतःचे नाव बाजूला ठेवून सांगणाऱ्याला श्याम म्हटले. पांडुरंग काय, श्याम काय, देव एकच. स्वतःची गोष्ट सांगायची, पण एक पाऊल मागे सरकून, एवढे काम त्या नावाने केले. ज्यांना आपल्याच घरातली गोष्ट लिहायची आहे आणि घरच्यांची भीती वाटते, त्यांनी ही युक्ती जरूर वापरावी.

उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली (१९६०) कौतिक ही अशीच मातीतली. वऱ्हाडी बोलीत बोलणारी, शिवणकाम करणाऱ्या नवऱ्याचा संसार ओढणारी ती बाई. कौतिक म्हणजे कौतुक. मराठवाड्यात हेच नाव पुरुषाचे, कौतिकराव. जिचे आयुष्यात कोणी कौतुक केले नाही तिचे नाव कौतिक, असा सूर लेखकाने मुद्दाम लावला असेल किंवा नसेल. त्या मुलखात ते नाव होतेच. मुलखातले नाव घेतले की असा सूर पुष्कळदा आपोआप लागतो.

सीमेपलीकडच्या मराठी लेखकांपैकी शरच्चंद्र मुक्तिबोधांची आठवण या पानावर व्हायलाच हवी. जन्म इंदूरचा, १९२१ चा. त्यांच्या कादंबऱ्यांची नावेच पाहा: 'क्षिप्रा' आणि 'सरहद्द'. एक उज्जैनची नदी, दुसरी थेट सीमाच. त्यांच्या नायकाचे नाव बिशू, म्हणजे पुन्हा तो उत्तरेकडचा 'ब'. त्यांचे थोरले बंधू गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले, पण नाव शेवटपर्यंत मराठी धाटणीचे राहिले. मधे बापाचे नाव, शेवटी आडनाव. हिंदीच्या विद्यार्थ्याला आजही ते तिन्ही पदांनिशी पाठ करावे लागते.

आणि कथेतले नाव उलट माणसापर्यंत येते तेव्हा? १९२९ साली इंदूरला दीनानाथ मंगेशकरांच्या घरी मुलगी झाली. आई शेवंती, तापीकाठच्या थाळनेरची, म्हणजे आपल्या खानदेशची. मुलीचे नाव हेमा ठेवले होते. गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकात लतिका नावाचे पात्र आहे आणि दीनानाथांची नाटक मंडळी ते नाटक करीत असे. त्या लतिकेवरून हेमाची लता झाली. आडनाव मंगेशकर तेही दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून घेतलेले. म्हणजे जे नाव पुढे साऱ्या देशाच्या ओठांवर बसले, त्यातला पहिला शब्द नाटककाराने एका पात्रासाठी योजलेल्या नावातून आला आणि दुसरा गावाच्या नावाला 'कर' लावून तयार झाला. नाव सुचेना म्हणून मालिकेतले उचलू नये, ते यासाठीसुद्धा. आपण ठेवलेले नाव उद्या कोणाच्या पाळण्यात जाईल सांगता येत नाही.

मंगल्या आला, पाटील आले

आता जरा अवघड गोष्ट. आडनाव लिहिले की जात आली. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत परगावी नोकरीला गेलेल्या तरुणाला राहायला खोली मिळावी म्हणून आपली जात लपवावी लागते, आणि पुढे ती उघड झाल्यावर मार खावा लागतो. १९६३ सालचा हा संग्रह. ज्या समाजात नाव विचारण्यामागचा खरा प्रश्न दुसराच असतो, तिथे लेखकाला नावाशी खेळ करता येत नाही. आमच्याकडच्या कथांत चोर, दारुडा, चहाडखोर यांना ठरावीक समाजांची नावे आणि आडनावे मिळतात. शहाणा, शिकलेला, समजूत घालणारा मात्र नेहमी लेखकाच्या जातीचा निघतो. लेखकाला हे कळतही नसते. आम्ही अशी कथा परत पाठवतो, आणि का पाठवली ते कळवतोही.

बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात बारेला, भिलाला, कोरकू वस्ती आहे. धूलकोटकडची कथा त्यांच्यावाचून होणार नाही. त्यांच्यात जन्मवारावरून नाव ठेवण्याची चाल जुनी: मंगल्या, बुधिया, शुक्रिया. मराठी लेखक ही नावे घेतो आणि तिथे एक घोटाळा होतो. मराठीत नावाला 'या' लागला की तुच्छता येते. रामचा राम्या झाला की तो गडी झाला. भिली-निमाडी वळणात मात्र मंगल्या हे पूर्ण, सरळ नाव आहे. त्यात कमीपणा काही नाही. म्हणून मराठीत 'मंगल्या आला' असे लिहिले की त्या लेखकाच्या मनात नसलेला अपमान वाक्यात शिरतो. आणि त्याच पानावर खाली 'पाटील आले' असते. दोघे एकाच वयाचे, एकाच बाजेवर बसलेले. एकाला एकेरी, दुसऱ्याला आदरार्थी.

यावर उपाय नाव बदलण्याचा नाही. काही जण मंगल्याचा मंगलसिंह किंवा मंगेश करतात. ते तर त्याहून वाईट, तो माणूसच मग कथेतून उठून जातो. नाव मंगल्याच ठेवावे आणि क्रियापद सुधारावे. मंगल्यादादा आले, बसले, म्हणाले. दोन-चार वाक्यांत वाचकाच्या कानाला सवय होते. ज्या तरुणाला सगळेच एकेरी बोलावतात त्याला एकेरी असू द्यावे. पण मग पाटलाच्या पोरालाही एकेरीच ठेवावे.

चांगदेवांची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. वयाने लहान म्हणून चिरंजीव म्हणावे, तर अधिकाराने मोठे; तीर्थरूप म्हणावे, तर पोर. शेवटी कोरेच पत्र पाठवले. मुक्ताई त्यावर काय बोलली तेही लोक सांगतात. पण चौदाशे वर्षे जगलेला म्हणतात तो योगीसुद्धा समोरच्याला काय म्हणावे याचा एवढा विचार करीत बसला, हे आम्हाला त्या गोष्टीत फार आवडते.

नावे मिळतात कुठे

विचारणारे विचारतात, नावे आणायची कुठून? मतदार यादी वाचावी. यादीइतके गावाचे खरे पुस्तक दुसरे नाही. एका घरातली चार नावे वयाप्रमाणे खाली खाली वाचत गेले की काळ कसा बदलला ते दिसते: आजोबा उखा, बाप प्रकाश, नातू यश. नाव एका घरातले आणि आडनाव दुसऱ्या गल्लीतले घ्यावे, म्हणजे कोणाला दुखावले जात नाही. लग्नपत्रिका जपून ठेवाव्यात. कार्यवाह आणि निमंत्रक यांच्या खाली बारीक अक्षरात जी नावे असतात, त्यांत टोपणनावेही असतात. देवळाच्या भिंतीवरच्या वर्गणीदारांच्या फरशा वाचाव्यात. निमाडच्या बाजूला सिंगाजी, ओंकार, दादाजी ही नावे भेटतील. तापीच्या खाली मुक्ता, सोपान, चांगो. सिंगाजी नावाचा माणूस कथेत आला की त्याच्या आजोळची दिशा सांगावी लागत नाही.

हाकेची नावे वेगळी टिपावीत. आबा, अप्पा, नाना, जिभाऊ, माय, जिजी, आक्का. दादा म्हणजे आपल्याकडे थोरला भाऊ, निमाडात आजोबा. एकाच घरात मराठी सून आणि निमाडी सासू असली तर 'दादा आले' म्हटल्यावर दोघींचे डोळे दोन दिशांना वळतील. यावर कोणी अजून कथा लिहिलेली आमच्या वाचनात नाही.

आणि घरातली भांडी पाहावीत. लग्नात आलेल्या हंड्या-कळशांवर, ताटांवर नावे घातलेली असतात. कोणी दिले, कोणाला दिले, तारीख कोणती. माहेरच्या बाजारात नाव घातलेल्या हंड्यावर मंजुळा असे 'ळ'सकट कोरलेले मिळेल, आणि सासरच्या बाजारात घेतलेल्या ताटावर मंजुला. बाई तीच.

पुढच्या भाषा विशेषांकासाठी कथा पाठवणाऱ्यांना एवढीच विनंती, की पात्रांची नावे तुमच्या गल्लीत जशी उच्चारतात तशी लिहा. तिकडच्या रजिस्टरात 'ळ' बसत नसेल तर नसू द्या. आमच्या छापखान्यात हवे तेवढे आहेत.